वॉकर कोपऱ्यात पडून आहे

प्रश्न : आईला दिवाळीच्या सुमारास लकवा मारला. बोलणं सुधारलं, पण उजवा हात-पाय अजून कमजोर आहे. वय ६८. यवतमाळहून वॉकर आणला, तर हात लावत नाही. “थे मले उचलता येत नाही,” म्हणते. संडास घरामागं वीसेक पावलांवर. पावसाळ्यात तिथवर नुसता गारा. चाकाची खुर्ची घ्यावी का, सर?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, आईचं खरं आहे. साधा वॉकर दोन्ही हातांनी उचलून पुढं ठेवावा लागतो. उजव्या मुठीत जोर नसेल तर तो तिरपा होतो आणि माणसाला घेऊन पडतो. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचो, आता वर्ध्याला घरीच असल्या वस्तू बनवून देतो. माझ्याकडं येणारे बहुतेक जण वस्तू आधी घेतात, मग माणसाकडं बघतात.

काठी द्या, तीही डाव्या हातात. चप्पल घालून आईंना सरळ उभं करा, हात सैल सोडू द्या; काठीची मूठ मनगटाच्या वळीशी आली पाहिजे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना बाजारातली काठी बहुधा उंच पडते, मग खांदा वर चढतो. सरळ कापून घ्या, खाली रबरी बूट बसवा. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. पायरी चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी नि उजवा. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टसमोर चालवून घ्या. चार पायांची काठी घरातल्या फरशीवर चांगली. अंगणात चारही पाय एकदम टेकत नाहीत, ती डुगडुगते.

आता त्या गाऱ्याचं. काळ्या मातीत काठीही रुतते नि खुर्चीही, म्हणून खुर्चीचे पैसे वाटेवर घाला. दारापासून संडासापर्यंत तीन फूट रुंद मुरूम टाका, पाणी मारून नीट दाबा. कडेला धरायला कठडा हवा. इथं लोक एकाच बाजूला पाईप लावतात. जाताना तो आईंच्या डाव्या हाताला येतो, परतताना उजव्या, म्हणजे जो हात धरू शकत नाही त्या बाजूला! दोन्हीकडं लावा. उंची काठीच्या मुठीएवढी, जाडी बाहेरून सव्वा ते दीड इंच, म्हणजे मूठ पुरती वळते. बांबू चालेल, बुरडाकडून गाठी तासून घ्या. लोखंडी पाईप आपल्या मे महिन्यात हाताला चटका देतो. त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाईप असेल तर वेल्डरला जोडाजवळचं जस्त घासून काढायला सांगा, त्याचा धूर वाईट.

संडासात भांड्यावर लोखंडी घोडी ठेवा, बसायला साधारण दीड फूट उंच, वर कमोडचं सीट. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून देतात ते करू नका. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर शाळेच्या वाटेवर दर चार पावलांवर अडकते. काय बदलावं?
— एक आई, हिंगणघाट तालुका

उत्तर : ताई, पुढची चाकं बघा. बारीक आणि कडक असतील. ती खुर्ची दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी आहे. खडबडीत जमिनीला पुढं रुंद, मऊ रबराची चाकं लागतात, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त, म्हणजे खुर्ची पुढं तोंडावर पडत नाही. राल्फ हॉचकिस हा अमेरिकन अभियंता स्वतः व्हीलचेअर वापरणारा. त्याच्या ‘रफरायडर’ खुर्चीत हेच केलंय, आणि ती साध्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होईल अशी आखली आहे. तुमच्या खुर्चीला निव्वळ मोठी चाकं ठोकू नका. पुढचा भाग उचलला जाऊन ती मागं उलटू शकते, आणि चाक वळताना मुलाच्या पावलांना घासतं. मुलाला घेऊनच वेल्डरकडं जा, खुर्चीत बसवूनच माप घ्यायला लावा. त्याला मांड्यांखाली स्पर्श कळत नसेल तर चाकांआधी चांगली गादी घ्या, आणि रोज रात्री बसायच्या जागेची कातडी लाल झाली का ते बघा.