काचेच्या दुकानातला मुलगा आणि फसाडची वाट

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं काच आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं दुकान आहे. मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याला उंच इमारतींच्या फसाडमध्ये, म्हणजे बाहेरच्या दर्शनी आवरणाच्या, वीज वाचवणाऱ्या सुरक्षित काचेच्या कामात जायचंय. वडील विचारतात, "आयुष्यभर मी काचा कापल्या. पोरानं शिकूनही तेच करायचं का?"

नमस्कार.

तो तेच करणार नाही. त्याच्या कामातली टफन काच तर कापताच येत नाही. ती ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. माप, भोकं, कडांची घासणी, सगळं भट्टीत जाण्याआधी उरकायचं. ड्रॉइंगमध्ये चूक झाली की ती काच भंगारात. टफन काच फुटली तर बारीक, बोथट तुकडे होतात. पण विसाव्या मजल्यावरून तेही खाली पडायला नकोत. म्हणून दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर घालून त्या चिकटवतात, म्हणजे लॅमिनेट करतात, म्हणजे तडकलेली काच जागेवर धरून राहते. काचेत निकेल सल्फाइडचा कण अडकला असेल तर टफन काच कुणी हात न लावता, बसवल्यावर कितीतरी दिवसांनी फुटू शकते. तो धोका कमी करायला हीट सोक चाचणी घेतात, म्हणजे बसवण्याआधीच काच भट्टीत तापवून ठेवतात, सदोष असेल ती तिथेच फुटते. कुठे कोणती काच, किती जाडीची, हे वाऱ्याच्या दाबाचा हिशेब करून ठरवणं हे त्याचं काम.

दुसरा हिशेब उन्हाचा. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ बसणाऱ्या सोलापूरकराला तो समजवावा लागत नाही. काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते त्या आकड्याला एसएचजीसी म्हणतात. आपल्या उष्ण-कोरड्या हवेत आधी तो बघायचा, तो कमी हवा. नुसती गडद काच लावली तर दिवसा दिवे लावावे लागतात. लो-ई काचेवर चांदीचे अतिशय पातळ थर असतात. ते उजेड बराचसा येऊ देतात आणि उष्णता परतवतात. हे थर नाजूक, म्हणून दुहेरी काचेत, म्हणजे डीजीयूमध्ये, दोन काचांमधल्या पोकळीच्या बाजूला ठेवतात. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ज्याला पश्चिमेची काच कमी करा, छज्जा द्या असं मालकाला सांगता येतं, तोच खरा फसाड इंजिनियर.

आता वाट. काच तयार करण्याचं शिक्षण, म्हणजे सिरॅमिक इंजिनियरिंग, वेगळं. त्याच्या मागे लागू नका. डिप्लोमानंतर सिव्हिलच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या, सोलापुरातच चांगली सोय आहे. स्ट्रक्चर आणि उष्णतेचं गणित पक्कं करू दे. ऑटोकॅड, रेव्हिट ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर शिकू दे. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेचं 'विंडो' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वेगवेगळ्या काचांचे आकडे स्वतः काढून बघू दे. सुट्टीत दुकानातही बसवा. सेक्शन, गॅस्केट, सिलिकॉन हाताला माहीत असलेला इंजिनियर साइटवर लवकर उभा राहतो.

दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. नोकरी बहुधा मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूला असेल. आणि उंचीवर, उन्हात उभं राहायची तयारी हवी. साइटवर हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा पट्टा, न देणाऱ्याकडे एक दिवसही थांबायचं नाही. पहिल्या नोकरीत पगाराच्या आधी विचारायचं, की ड्रॉइंग, कारखाना आणि साइट या तिन्ही ठिकाणी काम करायला मिळेल का.