फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यात खेळणारा, व्हायचंय म्हणतोस, तर आधी मान फिरवायला शीक

बाळा, उंची कमी म्हणून काळजी करू नकोस. २०१८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळवणारा क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच जेमतेम १७२ सेंटीमीटरचा आहे.

बेळगावात लेले मैदानावर नवी पोरं बघतो, तेव्हा एकच चूक दिसते. बॉल येताना डोळे बॉलवरच. बॉल पायाशी आला की मग शोधाशोध सुरू, तोवर समोरचा अंगावर. बॉल येण्याआधीच डाव्या-उजव्या खांद्यावरून मागं दोनदा बघ. मागं कोण आहे, मोकळा कोण आहे, हे आधीच कळलं पाहिजे. स्पेनचा मिडफिल्डर झावी एर्नांदेझच्या जुन्या मॅच लाव आणि बॉल सोडून फक्त त्याची मान बघ.

सुरुवातीला एवढंच कर:
- रोज भिंतीवर दोनशे पास, निम्मे डाव्या पायानं. डावा पाय नुसता टेकायला ठेवू नकोस.
- बॉल घेताना अंग तिरकं ठेव, म्हणजे पुढचं मैदान दिसतं.
- पास दिला की उभा राहू नकोस, लगेच जागा बदल.

ड्रिबलिंगचा, म्हणजे बॉल पायात ठेवून समोरच्याला चकवत पळायचा, मोह मैदानाच्या मध्यात आवर. तिथं बॉल गेला की थेट आपल्या गोलवर हल्ला येतो.

आपल्याकडच्या पावसात लाल चिखलात बॉल अडतो, तेव्हा पास जरा जोरात दे. फॉर्मेशन, म्हणजे मैदानात कोणी कुठं उभं राहायचं, वगैरे पुढच्या वर्षी बघू. शाळा मात्र सोडू नकोस, क्लबच्या चाचणीचं वय यायला अजून वेळ आहे. रविवारी सकाळी ये, भिंतीवरचे पास मला दाखव.