वाइल्डफ्लायच्या तीन इमेज नकोत, एकच हवी

तुमचा प्रश्न असा: क्यूए (तपासणी), यूएटी (वापरकर्त्यांची चाचणी) आणि प्रॉडक्शनसाठी (प्रत्यक्ष वापर) वाइल्डफ्लायच्या, म्हणजे जावा अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरच्या, वेगवेगळ्या इमेज (कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो साचा) बनवता, तरी प्रॉडक्शनचा कंटेनर १३७ कोड देऊन अचानक बंद पडतो, तो का?

आधी १३७ बघू, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. हिंजवडीत असताना आमचा पॉड (कुबरनेटीसमध्ये कंटेनर ज्यात चालतो तो) संध्याकाळी लोड वाढला की पडायचा. लॉगमध्ये एक ओळ नाही, जावाची आउट-ऑफ-मेमरीची तक्रारही नाही. दोन दिवस आम्ही कोड चाळत बसलो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल आला की प्रोसेस तिथल्या तिथे मरते, लॉग लिहायलाही सवड मिळत नाही. आमची पॉडची मेमरीची मर्यादा होती ५१२ एमबी, आणि वाइल्डफ्लायच्या स्टँडअलोन डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये हीपची (जावाच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीची) कमाल मर्यादा मुळातच ५१२ एमबी! मेटास्पेस (क्लासची माहिती) आणि थ्रेडचे स्टॅक हीपच्या बाहेर असतात, त्यांना जागाच उरली नव्हती. पॉडची मर्यादा ओलांडली की सिस्टिम तो नऊ नंबरचा सिग्नल देऊन प्रोसेस मारायची. आम्ही पॉडला १ जीबी दिलं आणि प्रश्न मिटला. तुम्हीही आधी हे दोन आकडे शेजारी मांडून बघा. हीप बदलायची असेल तर जावा ऑप्ट्स (जावाचे पर्याय ठरवणारा व्हेरिएबल) सरसकट ओव्हरराइड करू नका, त्या फाइलमधले बाकीचे डिफॉल्टही जातात. नव्या आवृत्त्यांत फक्त मेमरीसाठी जेबॉस जावा सायझिंग हा वेगळा व्हेरिएबल आहे, तो वापरा.

आता तीन इमेजचं. हे खरंच थांबवा. क्यूएने तपासलेली इमेज तुमच्याकडे प्रॉडक्शनला जातच नाही, जाते ती तिसरीच. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड इमेजमध्ये नकोत. कॉन्फिगमध्ये डॉलर-महिरपी कंसात एन्व्ह डॉट आणि पुढे व्हेरिएबलचं नाव लिहा, त्याची व्हॅल्यू सर्व्हर सुरू होताना बाहेरून मिळते. डेटासोर्स (डेटाबेसच्या जोडणीची व्याख्या), ड्रायव्हर हे मात्र इमेज बिल्ड करतानाच जेबॉस सीएलआयच्या (वाइल्डफ्लायच्या कमांड-लाइन साधनाच्या) स्क्रिप्टने बसवा, एम्बेड सर्व्हर ही कमांड वापरून, म्हणजे सर्व्हर वेगळा सुरू करावा लागत नाही. एक्सएमएल हाताने बदलत बसलात तर पुढच्या अपग्रेडला रडाल.

स्क्रिप्ट संपली की डॉकरफाइलच्या त्याच रन ओळीत स्टँडअलोन एक्सएमएल हिस्ट्रीमधला (कॉन्फिगच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या फोल्डरमधला) करंट फोल्डर उडवा. तो मागे राहिला तर कंटेनर सुरू होताना फोल्डरचं नाव बदलता येत नाही अशी एरर येते, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो.