फ्रिंज, प्रायोगिक आणि कापडाच्या दशा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवातल्या प्रयोगांवर मी रोज रात्री लिहिते. या लेखनाला समीक्षण म्हणावे, परीक्षण म्हणावे की समीक्षा? आणि 'फ्रिंज'साठी 'प्रायोगिक' हा शब्द चालेल ना?"

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही चालणार. हा घोटाळा आता इतक्या वेळा कानावर पडतो की तो एकदा मुळातून खणून काढायला हवा. 'प्रायोगिक' हे नाटकाच्या वृत्तीचे वर्णन आहे. 'फ्रिंज' हे नाटक कोणत्या दाराने आत आले त्याचे वर्णन आहे. 1947 साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ मंडळ्या तिथे येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपापले प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने अधिकृत महोत्सवाच्या 'फ्रिंज'भोवती, म्हणजे कडेकडेने, चाललेल्या या खटपटीबद्दल वर्तमानपत्रात लिहिले आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच. 1958 मध्ये फ्रिंजची संस्था उभी राहिली, तीही कोणाचे नाटक निवडायचे नाही या तत्त्वावर. निवड समिती नाही, चाळणी नाही. आज तिथे सर्वांत मोठा विभाग विनोदी कार्यक्रमांचा असतो. विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे बसवलेले शेक्सपिअर असते, संगीतिका असतात, जादूचे खेळ असतात. यातले प्रायोगिक किती? एखादी मंडळी अगदी जुन्या वळणाचे कौटुंबिक नाटक घेऊन आली, तरी ती फ्रिंजमध्येच असते. तिला 'प्रायोगिक' म्हटले की ती खोटी ठरते आणि खरे प्रायोगिक नाटक करणाऱ्यांचा शब्दही बोथट होतो.

शिवाय मराठीत 'प्रयोग' म्हणजे नाटक सादर होणे. शंभरावा प्रयोग, दुपारचा प्रयोग, प्रयोग रद्द. शाकुंतलाच्या प्रस्तावनेतला सूत्रधार विद्वानांचे समाधान होईपर्यंत आपल्या 'प्रयोगविज्ञाना'ला चांगले मानायला तयार नाही. तिथेही अर्थ हाच. प्रयोगशाळेतला प्रयोग फार नंतरचा. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले तर सादर होणारे प्रत्येकच नाटक 'प्रायोगिक' ठरेल.

मग फ्रिंजला काय म्हणायचे? इथे सुचवण्यांचा पाऊस पडतो. सीमांत रंगभूमी, परिघावरची रंगभूमी, किनारी रंगभूमी, झालर रंगभूमी. या चारही शब्दांना माझा विरोध आहे. ते सुचवणाऱ्यांनी इंग्रजी कोशातला अर्थ पाहिला, पण कापड हातात घेऊन पाहिले नाही.

'फ्रिंज'चे मूळ लॅटिन 'फिम्ब्रिया'. अर्थ कापडाच्या टोकाला लोंबणारे धागे. बोलीतल्या लॅटिनमध्ये त्याचे 'फ्रिम्बिया' झाले. वर्णांची ही अदलाबदल आपल्याला नवी नाही, वाराणसीचे बनारस असेच झाले. पुढे जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत उतरला. आता या वस्तूला आपल्याकडे शब्द नाही का? आहे, आणि तो फार जुना आहे: दशा. उपरण्याच्या दशा, शेल्याच्या दशा, आणि त्यातला एक सुटा धागा म्हणजे दशी. संस्कृतातही 'दशा' म्हणजे वस्त्राचे सुटे टोक, आणि अमरकोश सांगतो की या अर्थी तो शब्द स्त्रीलिंगी आणि बहुवचनी. कोणत्याही पंचाचे टोक बोटांत धरा, बहुवचन का ते लगेच कळते.

टोक धरलेच आहे तर नीट पाहा. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यांतून आडवा जातो तो बाणा. कापड मागावरून कापून काढले की टोकाला काही बोटे ताणा तसाच उरतो, त्यात बाणा नसतो. याच दशा. म्हणजे दशा वरून शिवलेल्या नसतात. कापडाच्या पोटातून आरपार आलेले तेच धागे टोकाला मोकळे सुटलेले असतात. झालर वेगळी करून नंतर जोडतात, म्हणून 'झालर' बाद. काठ तर घट्ट विणून बंद केलेला असतो, म्हणून 'किनारी'ही बाद, कारण फ्रिंजचे सगळे सत्त्व ती बंद नसण्यात आहे. परीघ आणि सीमा यांचा धाग्याशी संबंधच नाही.

आता मला या शब्दातले जे सर्वांत आवडते ते सांगतो. संस्कृतात 'दशा'चा दुसरा अर्थ दिव्याची वात, आणि तिसरा आयुष्याची अवस्था. रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात कालिदासाने म्हाताऱ्या दशरथाला पहाटेच्या दिव्याची ज्योत म्हटले आहे आणि तिथे 'स्नेह', 'दशान्त', 'निर्वाण' हे तिन्ही शब्द दुहेरी चालवले आहेत. स्नेह म्हणजे माया आणि तेल. दशान्त म्हणजे वयाचा शेवट आणि वातीचा शेवट. निर्वाण म्हणजे मोक्ष आणि विझणे.

माझे मत असे की हे तीन वेगळे शब्द नाहीत, एकाच शब्दाचा प्रवास आहे. कापडाची दशी वळली की तिची वात होते. वात जळते, आणि ती किती जळली यावरून किती वेळ सरला ते कळते. त्यातून दशा म्हणजे काळाचा टप्पा, आणि टप्प्यातून अवस्था. 'दश म्हणजे दहा, माणसाच्या अवस्था दहा, म्हणून दशा' असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान मला मुळीच पटत नाहीत. प्रेमाच्या दहा अवस्था शास्त्रकारांनी मोजल्या हे खरे, पण अवस्थांची मोजणी कोणी कशीही करतो. ज्योतिषातल्या विंशोत्तरी महादशा घ्या. त्या नऊ ग्रहांच्या नऊच, एकूण 120 वर्षांच्या. दहावी कुठून आणणार? आणि दहाचाच शब्द असेल तर कापडाच्या टोकाला तो का लागला, याचे उत्तर या मंडळींकडे नसते. 'दंश्' म्हणजे चावणे या धातूकडे जाणारे कोशकार निदान व्याकरणाची वाट सोडत नाहीत. तरी वस्त्र, वात आणि वय एका धाग्यात आणायचे तर मला माझीच वाट सरळ वाटते.

अडचण एकच. मराठीत 'दशा'ला अवकळा आली आहे. 'काय दशा झाली बिचाऱ्याची' या वाक्याने शब्द काळवंडला. 'दशा महोत्सव' असा फलक लावला तर प्रेक्षक बिचकेल. म्हणून महोत्सवाच्या नावात 'फ्रिंज' देवनागरीत खुशाल लिहा, त्यात काही बिघडत नाही. पण तुमच्या सदराला 'दशी' हे नाव द्या. त्या शब्दाला डाग लागलेला नाही आणि अर्थ नेमका आहे.

राहिला समीक्षण-परीक्षणाचा प्रश्न. 'समीक्षण' अशुद्ध आहे असा जो ओरडा होतो तो निराधार आहे. 'सम्' अधिक 'ईक्षण', व्युत्पत्तीत काही खोट नाही. रूढ मात्र 'समीक्षा' आहे आणि तिचा पल्ला मोठा: संहिता, लेखकाची इतर नाटके, परंपरा, सगळे मिळून केलेला विचार. तुम्ही रात्री जे लिहिता ते एका प्रयोगाबद्दलचे आहे. फ्रिंजमधला खेळ बहुधा तासाभराचा, मागोमाग दुसरी मंडळी सामान घेऊन दाराशी उभी, प्रकाशयोजना जेमतेम जुळवलेली. पहिल्या दिवशी अडखळलेला प्रवेश चौथ्या दिवशी लख्ख उभा राहतो. त्यामुळे 'परीक्षण' म्हणा, आणि कोणत्या दिवशीचा कितवा प्रयोग पाहिला ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. ते न लिहिता नटाला नापास करणे हा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

आणि 'मी नाटकाला परीक्षण दिले' असे कृपया लिहू नका. 'रिव्ह्यू दिला'वरून आलेले हे रूप आता नाटकवाल्यांच्या तोंडीही बसले आहे. परीक्षा विद्यार्थी देतो. परीक्षण करतात किंवा लिहितात, आणि ते नाटकाला नव्हे, नाटकाचे.