‘ते काळ्यांचं कॉलेज आहे म्हणे’

प्रश्न : सर, आम्ही मानवत तालुक्यातले शेतकरी. मुलीनं परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं. आता तिला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळालाय. घरात पेढे वाटून झाले, आणि मग पुण्याच्या सोयऱ्यांचा फोन आला. "ते काळ्यांचं कॉलेज आहे म्हणे, तिथं कशाला पाठवता?" तेव्हापासून तिची आई गप्प आहे. तिथं आपल्या लेकराला कोणी आपलं म्हणेल का? आणि त्या डिग्रीला किंमत राहील का?
— एक वडील, ता. मानवत

उत्तर : दादा, तुमच्या सोयऱ्यांचं वाक्य मी 1970 साली आमच्या गावच्या पारावर ऐकलंय. मी पी.यू.सी.साठी औरंगाबादला मिलिंदमध्ये निघालो होतो. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेलं ते कॉलेज. पारावरचे एक वडीलधारे माझ्या बापाला म्हणाले, "त्यांच्या कॉलेजात कशाला घालतो पोराला?" बाप आठ एकर कोरडवाहूचा धनी, शाळेचं तोंड न पाहिलेला. त्यानं एवढंच विचारलं, "शिकवतेत का नाही तिथं? मग झालं." तुमच्या पत्राचं माझं उत्तरही तेच आहे. बाकीचं सांगतो ते मुलीच्या आईसाठी.

अमेरिकेत 1862 साली कायदा झाला. केंद्रानं राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची. दक्षिणेकडच्या कॉलेजांनी काळ्या मुलांना दारातही उभं केलं नाही. म्हणून 1890 साली दुसरा कायदा आला : एकतर रंग न पाहता प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेच्या राज्यांनी वेगळं काढणं पसंत केलं. नॉर्थ कॅरोलायनानं 1891 साली जे काढलं त्याचं नावच होतं ‘अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल कॉलेज फॉर द कलर्ड रेस’. सुरुवातीचे वर्ग राज्याच्या राजधानीत, रालेत, दुसऱ्याच्या जागेत भरले. मग त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरो शहराच्या लोकांनी 14 एकर जमीन आणि 11,000 डॉलर दिले आणि 1893 साली कॉलेज तिथं गेलं. लोकवर्गणीच म्हणा ना. 1901 पासून 1928 पर्यंत मुलींना तिथं प्रवेश बंद होता. आज निम्म्याहून जास्त मुलीच आहेत.

म्हणजे ‘काळ्यांचं’ ही त्याच्या जन्माची हकिकत आहे, दारावरची पाटी नव्हे. आज कोणत्याही रंगाचा, कोणत्याही देशाचा विद्यार्थी तिथं शिकतो.

किमतीचं विचारलंत. काळ्यांसाठी निघालेल्या अशा शंभराच्या आसपास संस्थांमध्ये विद्यार्थिसंख्येनं हे सगळ्यात मोठं विद्यापीठ, 14,000 हून जास्त मुलं. अमेरिकेत सर्वाधिक कृष्णवर्णीय अभियंते इथून बाहेर पडतात. चॅलेंजर यानाच्या 1986 च्या अपघातात गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेर इथलेच, 1971 चे फिजिक्सचे पदवीधर. आणि हे सगळं हात आखडून मिळालेल्या पैशात. 2023 साली तिथल्या केंद्र सरकारनं राज्याला लेखी कळवलं, की शेजारच्या जुन्या, गोऱ्यांसाठी निघालेल्या विद्यापीठाइतकंच दर विद्यार्थ्यामागे दिलं असतं, तर तीसेक वर्षांत या विद्यापीठाला सुमारे 200 कोटी डॉलर जास्त मिळाले असते. किंमत ठरवायचीच तर हा आकडा सोयऱ्यांना सांगा.

मी तिथं जाऊन आलोय. माझी लेक रालेला असते, तिथून गाडीनं दीड तास. ग्रीन्सबरोत वूलवर्थच्या जुन्या दुकानाचं आता संग्रहालय झालंय. 1 फेब्रुवारी 1960 ला याच कॉलेजची पहिल्या वर्षाची चार पोरं त्या दुकानात गेली : एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन, जोसेफ मॅकनील. आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. त्या काउंटरवर काळ्यांना बसू देत नसत. पोरांचं म्हणणं सरळ होतं : तिकडं आमचे पैसे घेतले, इकडं का नाही? दुकान बंद होईपर्यंत ती उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी वीसाहून जास्त आली, आठवड्याच्या आत शेकडो. 25 जुलैला काउंटर खुलं झालं, तेव्हा पहिल्यांदा तिथं बसून जेवल्या त्या दुकानातच काम करणाऱ्या काळ्या बाया.

ते लांबलचक काउंटर अजून जागेवर आहे. त्या स्टुलांसमोर उभा राहिलो आणि मला आमच्या स्टँडवरचं हॉटेल दिसलं. मिलिंदचा माझा खोलीतला मित्र पोळ्याला माझ्याबरोबर गावी आला होता. हॉटेलवाल्यानं मला बशीत कप दिला, आणि त्याच्यासाठी बाहेर खिळ्याला टांगलेला, कान तुटलेला कप काढला. मित्रानं तो स्वतः विसळला, चहा प्याला, परत खिळ्याला लावला. मी काही बोललो नाही. त्या पोरांचं वय तेव्हाच्या माझ्याएवढंच होतं, म्हणून त्या जागेवरून माझा पाय निघेना.

आपलं कोणी म्हणेल का, याचं उत्तर मला तिथल्या होमकमिंगला मिळालं. ऑक्टोबरात जुने विद्यार्थी देशभरातून येतात, आपल्याकडं जत्रेला मुंबईची माणसं गावी येतात तशी. सगळीकडं निळा-सोनेरी रंग, ताशाला लाजवील असा बँड, घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या, आणि कोणी इथल्या विद्यार्थ्यांचं टोपणनाव ‘अ‍ॅगी’ म्हणून ओरडलं की चहूकडून ‘प्राइड!’ निळी टोपी घातलेल्या एका आजोबांनी मला खुर्ची ओढून दिली. मी म्हणालो, विस्तार शिक्षण शिकवायचो, शेतकऱ्यांच्या बांधावर जायचो. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या तंबाखूच्या शेतात याच कॉलेजचा माणूस सल्ला द्यायला यायचा, दुसरं कोणी फिरकायचं नाही. मग तळलेल्या मासळीची प्लेट आली. मी माळकरी, तर त्यांनी हौसेनं मक्याची पोळी शोधून आणली.

शेवटचं, परभणीकरांसाठी. आपली कृषी विद्यापीठं, 1960 सालच्या पंतनगरपासून, अमेरिकेच्या त्याच 1862 च्या कायद्यातून निघालेल्या धर्तीवर उभी राहिली : शिक्षण, संशोधन, विस्तार. 1972 चं परभणीही त्याच वेलीवरचं. मुलगी परक्या घरी चाललेली नाही, तिच्या आईला हे जरूर सांगा. आणि जाडजूड स्वेटर इथूनच घेऊ नका, तिकडं चांगले मिळतात. बॅगेत काळा मसाला आणि ज्वारीचं पीठ घालू द्या.

प्रश्न : बाबासाहेबांचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नेत्यांशी कधी पत्रव्यवहार झाला होता का?
— विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : झाला होता. जुलै 1946 मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि निग्रो काँग्रेस या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठी तसंच काही करण्याचा विचार होता. डू बॉइसांनी 31 जुलैला उत्तर दिलं. ते स्वतः फिस्क या काळ्यांसाठीच निघालेल्या विद्यापीठाचे पदवीधर. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, आणि चार वर्षांनी आपल्याकडचं मिलिंद.