ऑस्ट्रेलियाला यायचं म्हणतोयस तर आधी हे वाच

कासारवडवलीच्या साइटवर सिव्हिल इंजिनिअर आहेस, 4 वर्षं झाली, कामात मन लागत नाही, ऑस्ट्रेलियात आलो तर बरं वाटेल का, असं विचारलंयस म्हणून सविस्तर लिहितो. मी पण तिथलाच रे, कळव्याचा, घोडबंदरला टॉवर केलेत, आता 6 वर्षं ब्रिस्बेनला.

पगाराचं तुला कोणीही सांगेल. माझ्या तिथल्या शेवटच्या साइटवर सेफ्टी बेल्ट होते, पण स्टोअरमध्ये कुलपात, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, क्लायंटची व्हिजिट असली की बाहेर यायचे आणि संध्याकाळी मोजून परत आत. रात्री स्लॅब भरायचा, आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या गायमुखला अडकलेल्या, आणि सुतार 22व्या मजल्याच्या कडेला नुसत्या हाताच्या आधारावर. एकदा मी काम थांबवलं तर मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला, तुला काम थांबवायचा पगार देतो का? तिथेच मन उडालं माझं. कामावरून नाही हं, काँक्रीट अजून तेवढंच आवडतं.

इथे पहिल्याच महिन्यात जोराचा वारा होता, क्रेनखालचा रिगर, म्हणजे माल बांधून उचलायला देणारा, म्हणाला आज उचलणार नाही, फोरमन म्हणाला ठीक आहे आणि दुसरं काम लावलं, बस. मी बघतच राहिलो. गंभीर धोका वाटला तर काम नाकारायचा हक्क इथल्या 2011 च्या कायद्यातच आहे.

पण एकटेपणा येतो, खूप येतो. चौथ्या महिन्यात मी डबा गाडीत बसून एकटाच खायला लागलो होतो. इथे मेट्स इन कन्स्ट्रक्शन म्हणून संस्था आहे, बांधकामातल्या माणसांच्या आत्महत्या फार म्हणून 2008 ला क्वीन्सलँडमध्येच सुरू झाली, ते साइटवरच्याच काही लोकांना ट्रेनिंग देतात, त्यांच्या हेल्मेटवर स्टिकर असतो. तसाच एक प्लंबर काचेवर टकटक करून शेजारी येऊन बसला, बरा आहेस ना एवढंच विचारलं. त्या दिवशी मी रडलो. तुझ्या साइटवर असं कोणी कोणाला विचारतं का रे? तूच विचारायला लाग.

कागदपत्रांचं म्हणशील तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, म्हणजे तुझी इंजिनिअरची पात्रता तपासणारी इथली संस्था, तिच्याकडे बहुतेकांना सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा लेखी अहवाल, द्यावा लागतो, त्यात 3 करिअर एपिसोड, म्हणजे आपण केलेल्या कामांची वर्णनं, ते स्वतः लिही, एजंटचे तयार घेऊ नकोस, कॉपी तपासतात. साइटवर पाय ठेवायला व्हाइट कार्ड, म्हणजे सेफ्टी ट्रेनिंग केल्याचं कार्ड, लागतं, ते इथे आल्यावर होतं. आणि इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार, तुमच्याकडे शेवटचं काम कोणी थांबवलं आणि पुढे त्या माणसाचं काय झालं? उत्तर द्यायला अडखळले तर ती कंपनी सोड.

निघायच्या आधी एक कर. कामगारांना सरकारी योजना देणाऱ्या बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तुझ्या साइटवरच्या किती जणांकडे तो आहे बघ, नसेल तर ठेकेदाराच्या मागे लागून सह्या घे, ते तुझ्या हातात आहे. पहिला एपिसोड लिहून झाला की पाठव, रविवारी वाचून देतो.