जुना नकाशा घेऊन गावात फिरताना

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आपल्या नदीकाठच्या गावाचा इतिहास जुन्या नकाशांवरून लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या गावासाठी हेच काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोर्तुगीज काळातल्या देखण्या नकाशांच्या मागे लागू नका. डच प्रवासी लिन्शोटेनच्या १५९६ सालच्या पुस्तकातला गोवा शहराचा नकाशा तासन्‌तास बघत बसावा असा आहे, पण त्यात तुमचं गाव सापडायचं नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातले तालुके. ते पोर्तुगिजांकडे गेले १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या मुलखातल्या गावकरीचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) कागद जितके मागे जातात, तितके आपल्याकडे जात नाहीत.

तुमच्या कामाचा नकाशा म्हणजे गोवा मुक्तीनंतरच्या जमीन सर्व्हेचा गावनकाशा. पणजीच्या सर्व्हे खात्यातून तो काढा आणि सोबत एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे उतारे घ्या. लोक उताऱ्यात मालकाचं नाव बघतात आणि कागद मिटतात. तुम्ही शेताच्या नावाचा रकाना बघा. गावाचा इतिहास तिथे आहे. खाजन म्हटलं की खारं पाणी बांध घालून अडवलेली जमीन, मोरड म्हणजे उंचावरची, पावसावर पिकणारी. नावात मानस आली तर भरती-ओहोटीचं पाणी राखणारं दार तिथे कुठेतरी असणार. एकेक नाव वहीत उतरवून नकाशावर मांडलं की पूर्वजांनी नदीकडून जमीन कशी मिळवली ते दिसू लागतं.

अडचण अशी की ही नावं रोमी (रोमन) लिपीत असतात. पोर्तुगीज वळणाच्या लिखाणात 'एक्स' म्हणजे आपला 'श' आणि चोडणचं 'शोरांव' होतं. आमच्या नदीकाठच्या एका तुकड्याचं नाव टी-ए-आर असं लिहिलेलं. मी ते कित्येक महिने 'तर' वाचत होतो आणि अर्थ लागत नव्हता. एकदा देवळाच्या मंडपात नकाशा पसरला होता. शेजारचे आजोबा खाली बसले, बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, ती तार. हांगा तार आशिल्ली." होडीनं पलीकडे जायची जागा! दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांच्याबरोबर गेलो. खारफुटीची मुळं बाजूला केली तर चिखलात जांभ्याच्या तीन पायऱ्या, मधली पाय पडून पडून खोलगट झालेली. नकाशावरचा एक चिंचोळा पट्टा नदीशी येऊन एकदम का थांबतो, ते तेव्हा कळलं. बाजाराची वाट ती.

म्हणून माझं ठाम मत आहे की घरी बसून वाचला तर नकाशा अर्धाच कळतो. तो म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवायला हवा, आणि लवकर.

विचारताना मात्र जपा. सुरुवातीला मी "ही जमीन कोणाची?" असं विचारायचो. माणसं गप्प व्हायची, एका घरात तर चहा अर्धा टाकून उठावं लागलं. कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) यांचे वाद अजून जिवंत आहेत, त्यांचं चुकलं नाही. आता "ह्या जाग्याक तुमी कितें म्हणटात?" एवढंच विचारतो, मग गोष्टी आपोआप निघतात.

नकाशा संगणकावर उपग्रहचित्रावर बसवायचा असेल तर खुणेला देऊळ, जुनी विहीर, तळी घ्या. नदीचा काठ घेऊ नका, तो सरकतो. साळावली धरणात गेलेलं सांग्यातलं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. तिथे घरांच्या जोत्यांशी जुना नकाशा ताडून बघण्यासारखा दुसरा धडा नाही. जमलं तर मे महिन्यात एकदा जाऊन या.

आणि तुमच्या गावचं काम चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला सुरू करा. मुंबई-पुण्याची माणसंही तेव्हा घरी असतात. नकाशाची मोठी प्रत काढून न्या, पेन्सिली चार-पाच ठेवा.